अस्सल लेणे आणि नक्कल लेणे

भारतभेटीचा बेत आखायला बसले की आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत एक ओळ ठरलेली असते : मुलांना अजिंठा-वेरूळ. नातेवाईक, लग्नकार्य, कुलदैवत, दाताचा डॉक्टर आणि बँकेची कामे यांतून जे दोन दिवस उरतात ते त्यासाठी राखून ठेवायचे. छत्रपती संभाजीनगरला (आपल्या तोंडी अजून औरंगाबादच बसलेले आहे) मुक्काम करायचा. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा. परत आल्यावर मुलांना विचारावे, तर त्यांच्या लक्षात माकडे, पायऱ्या आणि बूट काढून ठेवावे लागले एवढेच राहिलेले असते. यात मुलांचा काही दोष नाही. अंधुक उजेडात, पाच-दहा मिनिटांत, घामाघूम झालेल्या माणसांच्या खांद्यांवरून दीड हजार वर्षांपूर्वीची, जागोजाग पोपडे निघालेली चित्रे पाहणे सरावलेल्या डोळ्यालाही जमत नाही. मग गाइड बॅटरी काढतो. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून प्रकाश टाकला की चेहरा एक भाव दाखवतो, उजवीकडून टाकला की दुसरा. गळ्यातले मोती चमकून दाखवले जातात. लोक 'वा!' म्हणतात आणि पुढच्या लेण्याकडे निघतात. आपण अजिंठ्याला पाहायला जात नाही, दर्शनाला जातो.

म्हणूनच अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्या मंडळींनी नाके मुरडली. "एवढ्या लांबून येऊन डुप्लिकेट कशाला पाहायचे?" हा प्रश्न मी इथल्या मराठी घरांत अनेकदा ऐकला आहे. गंमत अशी की हीच मंडळी पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला सहा-सहा तास गाडी हाकत जातात आणि ते देऊळ तिरुपतीच्या धर्तीवर बांधलेले आहे म्हणून कोणी प्रसाद नाकारत नाही. महाराष्ट्रात तर प्रतिपंढरपूर आहे, प्रतिशिर्डी आहे, प्रतिबालाजी आहे. 'प्रति' लागले की आपल्याला चालते, 'नक्कल' म्हटले की चालत नाही. वास्तविक नक्कल हा मराठीत मोठा गुणी शब्द आहे. नाटकी माणूस पुढाऱ्यांच्या नकला करतो तीही नक्कल, आणि सातबाऱ्याची जी प्रत मिळवायला तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत तीही नक्कलच. पहिली हसवते, दुसरीवर कोर्टाचा विश्वास असतो. लेण्यांच्या नकला यांपैकी कुठल्या जातीच्या, हे ठरवण्याची वेळ आता आली आहे. कारण जगभर अशा नकलांची संख्या वाढते आहे आणि पुढच्या पिढीला अस्सल चित्रे किती दिसतील, याची खात्री कोणी देत नाही.

हा प्रकार सुरू झाला तो मुख्यतः फ्रान्समधल्या लास्को गुहेमुळे. १९४० च्या सप्टेंबरात चार पोरांना ही गुहा सापडली. सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने काढलेले बैल, घोडे, हरणे भिंतींवर जशीच्या तशी. १९४८ मध्ये ती लोकांना खुली झाली आणि काही वर्षांतच दिवसाला बाराशेपर्यंत माणसे आत जाऊ लागली. माणूस आत गेला की तो नुसता पाहत नाही. तो श्वास सोडतो, घाम गाळतो, अंगाची ऊब देतो, बुटांबरोबर माती नेतो. भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, मग चुन्याचे पांढरे थर साचू लागले. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. तेवढ्यानेही दुखणे संपले नाही. २००१ मध्ये बुरशीने ठाण मांडले आणि त्यानंतर काळे डाग उठले. मूळ गुहेपासून अवघ्या दोनशे मीटरवर १९८३ मध्ये 'लास्को-दोन' ही सिमेंटची गुहा उघडली. त्यानंतर २०१२ पासून जगभर फिरणारी 'लास्को-तीन' आली आणि डिसेंबर २०१६ मध्ये माँतिन्याक गावात 'लास्को-चार' हे मोठे केंद्र झाले.

आता प्रश्न असा, की नकलेची परीक्षा करायची कशी? बहुतेक वृत्तपत्री परीक्षणे एकच विचारतात : हुबेहूब आहे का? मिलिमीटरचा कितवा भाग चुकला? इंजिनिअरला हा प्रश्न आवडतो, कारण त्याला आकड्यात उत्तर असते. पण मला तो अपुरा वाटतो. नक्कल ही भाषांतरासारखी तपासावी. चांगले भाषांतर मूळ पुस्तकाची जागा घेत नाही. ते वाचकाला मूळ पुस्तकाच्या जवळ नेते, आणि कधीकधी मूळ वाचूनही जे हाती लागले नसते ते हाती देते. लेण्याची नक्कल पाहून बाहेर पडल्यावर मला अस्सल लेण्यात काय पाहायचे ते कळले का, ही खरी कसोटी.

या कसोटीवर इथले एक अनपेक्षित उदाहरण उतरते. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. १८९७ च्या प्रदर्शनासाठी ती तात्पुरत्या साहित्यात बांधली होती. लोकांना मोडवेना, म्हणून पुढे ती काँक्रीटमध्ये बांधून काढली. ते काम १९३१ साली पुरे झाले. आत १९९० मध्ये सुमारे ४२ फूट उंचीची अथीना उभी केली आणि २००२ मध्ये तिला सोन्याचा मुलामा दिला. आपल्या सुशिक्षित मंडळींना ही सारी अमेरिकन हौस वाटते. हौस आहेच. पण अथेन्सला गेलेला माणूस छप्पर उडालेले, पांढरेफटक भग्नावशेष पाहून 'ग्रीक लोकांना साधेपणा फार आवडायचा' असे मत बनवून परततो. नॅशव्हिलच्या गाभाऱ्यात शिरल्यावर ती झगमगणारी, रंगवलेली, जरा भडकच देवी समोर येते आणि पहिल्यांदा लक्षात येते की हे देऊळ होते. तिथे मूर्ती होती, सोने होते, भीती वाटावी असा आकार होता. ही गोष्ट अथेन्समध्ये शिकता येत नाही, कारण फिडियसची मूर्ती कधीच नाहीशी झाली. नकलेने इथे अस्सलापेक्षा जास्त सांगितले.

लास्को-तीन २०१३ साली शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आली होती. चित्रांचे मोठे तुकडे मांडलेले होते आणि त्यावर प्रकाश असा पडत होता की आधी रंगाची आकृती दिसायची, मग तिच्यावरून कोरलेली रेघ. मूळ गुहेत या दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात. माँतिन्याकच्या केंद्रातही गुहेतून बाहेर पडल्यावर एका मोठ्या दालनात हेच तुकडे छताला टांगून वेगवेगळे समजावले आहेत, आणि त्या केंद्राची खरी किंमत त्या दालनात आहे. प्रत्येकाच्या हाती पडदा देण्याची पद्धत मात्र मला खटकते. दिवसभर पडद्याकडे पाहून पोट भरणाऱ्या आम्हा लोकांना गुहेतही पडदाच हवा असतो असे या मंडळींना कोण सांगते?

या सगळ्यांत सर्वांत पुढे गेलेले ठिकाण चीनमध्ये आहे, आणि त्याचे आपल्याशी नाते आहे. तुनहुआंगची मोगाओ लेणी गोबी वाळवंटाच्या कडेला आहेत. डोंगरात विहार कोरण्याची आणि भिंती बुद्धकथांनी रंगवण्याची कल्पना तिथे बौद्ध भिक्षूंबरोबर पश्चिमेकडून, मुळात आपल्याकडून गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरमध्ये तिथल्या तीन लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या, हाताने रंगवलेल्या प्रतिकृती आणल्या होत्या. त्यांतल्या २८५ क्रमांकाच्या लेण्याच्या पश्चिम भिंतीवर महेश्वर आहे, कुमार आहे आणि चक्क गणपती आहे. सहाव्या शतकातला, चिनी चित्रकाराच्या हातचा. आपल्या गणेशोत्सवात लेझीम आणि मोदक यांच्या पुढे जाऊन मुलांना काही सांगायचे असेल, तर या गणपतीइतकी चांगली गोष्ट मिळणार नाही.

तुनहुआंगला सप्टेंबर २०१४ पासून नवी व्यवस्था आहे. प्रवासी आधी लेण्यांपासून दूर असलेल्या केंद्रात जातो. तिथे तो दोन चित्रपट पाहतो, पहिला इतिहासाचा, दुसरा घुमटाकार पडद्यावर लेण्यांच्या आत नेणारा. मग बसने लेण्यांकडे, आणि तिथे मार्गदर्शकाबरोबर मोजकी आठ लेणी. दिवसाला सहा हजार माणसांची मर्यादा घातली; पुढे गर्दीच्या दिवसांत कमी लेण्यांचे वेगळे तिकीट आले. यातली खुबी तंत्रात नाही. माहिती आणि चित्रपट हे लेण्यांच्या तिकिटातच गुंफलेले आहेत. जो शिकायला तयार आहे त्याला आणि जो नाही त्यालाही आधी शिकावे लागते. त्यामुळे लेण्यात तो कमी वेळ काढतो आणि त्या वेळात जास्त पाहतो. चित्रांचे आयुष्य वाचते ते असे.

तुनहुआंगच्या संस्थेची सुरुवातही एका नकलेतूनच झाली. चांग शूहोंग हा तरुण चित्रकार पॅरिसमध्ये तैलचित्रे शिकत होता. १९३५ च्या सुमारास सेन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला पेलिओने छापलेला तुनहुआंगच्या छायाचित्रांचा ग्रंथ सापडला. आपल्या देशात हे आहे हे त्याला परदेशात, छापील पानांवर कळले. तो परत गेला, आणि १९४४ मध्ये वाळवंटात स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचा प्रमुख झाला. संस्थेचे मुख्य काम होते भिंतीवरची चित्रे हाताने उतरवून घेणे. नक्कल हे तिथे शिक्षण होते, आजही आहे.

आता अजिंठा. नकलांच्या बाबतीत अजिंठ्याचा इतिहास जुना आणि दुर्दैवी आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचे नाव खरडून गेला. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी जवळजवळ वीस वर्षे इथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रे उतरवली. ती लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी भस्म झाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आपल्या जे. जे. स्कूलचे, जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्यात बसले. त्यांची चित्रे साउथ केन्सिंग्टनला गेली. १८८५ च्या आगीत त्यांतलीही बरीच गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काम्पो अराई या जपानी चित्रकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नकला करून तोक्योला नेल्या; १९२३ च्या भूकंपात त्या नष्ट झाल्या. संगणकाच्या धंद्यात आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो की बॅकअप मूळ यंत्राच्या खोलीत ठेवू नये. इथे मूळ सुखरूप राहिले आणि बॅकअप तीनदा गेला! याच्या उलट जपानमध्ये होर्यूजी देवळात घडले. तिथली भित्तिचित्रे अजिंठ्याच्या घराण्यातली मानली जातात. १९४९ च्या जानेवारीत त्यांच्या नकला करण्याचे काम चालू असतानाच आग लागली आणि अस्सल चित्रे होरपळली. कारण म्हणून नक्कल करणाऱ्या चित्रकारांच्या विजेवर तापणाऱ्या गाद्यांकडे बोट दाखवले गेले. पुढच्याच वर्षी जपानने वारसा-संरक्षणाचा कायदा केला. आज त्या देवळाच्या भिंतींवर नकला आहेत.

पण ग्रिफिथ्सच्या कामाकडे केवळ जळलेल्या कापडांचा हिशेब म्हणून पाहू नये. मुंबईची मुले, त्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नाव कमावलेले चित्रकार होते, वर्षानुवर्षे त्या भिंतींसमोर बसली. एका हाताची बोटे उतरवायला जो दिवस लागतो त्या दिवसात माणूस जे शिकतो ते दुसऱ्या कशाने शिकता येत नाही. पुढे १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असित हलदार आले, आणि अजिंठ्याची रेघ बंगालच्या चित्रकलेत शिरली. या नकलांनी एका देशाची चित्रकला बदलली. (ग्रिफिथ्सच्या नावावर पापही आहे. चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांनी भिंतींना व्हार्निश फासले. १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी त्यावर शेलॅकची भर घातली. आपण ज्याला अजिंठ्याचा पिवळसर उबदार रंग म्हणतो त्यात या दोघांचा वाटा बराच आहे.)

एवढी परंपरा असताना अजिंठ्याजवळ फर्दापूरच्या तिठ्यावर, लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे, जपानच्या कर्जातून पर्यटन महामंडळाने केंद्र बांधले. १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती त्यात होत्या. २०१३ मध्ये ते उघडले आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडले. वर्तमानपत्रांनी ही बातमी सरकारी गलथानपणाची म्हणून छापली. गलथानपणा खराच, पण माझ्या मते दुखणे आराखड्यातच होते. लेणी पुरातत्त्व खात्याकडे, केंद्र पर्यटन महामंडळाकडे. खासगी गाड्या तिठ्यावर थांबतात, तिथून बस पकडायची. केंद्र पाहिले काय, न पाहिले काय, लेण्यांच्या दारात कोणी विचारणार नव्हते. ज्या गोष्टीवाचून कोणाचे अडत नाही तिचे बिल कोण भरणार? तुनहुआंगने नक्कल ही पहिली पायरी केली, आपण तिला वाटेवरचे दुकान केले.

आणि शिकवण्यासारखे तिथे केवढे आहे! पहिली गोष्ट म्हणजे गिलावा. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली युरोपी पद्धतीची नव्हेत. खडकावर माती, तूस आणि गवताच्या तंतूंचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. आणि निळा तो लाजवर्द, जो आजच्या अफगाणिस्तानातून यायचा. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सांगितले की पंधरा वर्षांचे कंटाळलेले पोरही मान वर करते.) हे थर एकावर एक मांडलेले, हात लावता येईल असे दाखवायला किती खर्च येतो? अस्सल भिंतीला हात लावता येत नाही. नकलेला लावता येतो, आणि नकलेचे तेच तर सुख.

दुसरी गोष्ट म्हणजे कथा कशी वाचायची. सतराव्या लेण्यातली सिंहलाची कथा किंवा पहिल्यातली महाजनकाची कथा डावीकडून उजवीकडे चालत नाही. विदुषी विद्या देहेजिया यांनी दाखवले आहे की अजिंठ्याचे चित्रकार प्रसंग काळाच्या क्रमाने मांडण्याऐवजी अनेकदा जागेप्रमाणे मांडतात : राजवाड्यात जे जे घडले ते राजवाड्यापाशी, मग ते कथेच्या आरंभीचे असो की शेवटचे. म्हणजे भिंत ही यादी नसून जाळे आहे. अंधारात दहा मिनिटांत हे जाळे उकलणे अशक्य. नकलेसमोर बसून, प्रसंगांवर क्रमाने उजेड टाकत, अर्ध्या तासात उकलता येते. इथे यंत्राचा खरा उपयोग होता.

तिसरी गोष्ट नावांची. सोळाव्या लेण्यात डोळे मिटत आलेली, मान कललेली एक स्त्री आहे. इंग्रजांच्या काळात तिला 'मरणोन्मुख राजकन्या' असे नाव पडले. ग्रिफिथ्सने तिची तोंडभरून स्तुती केली आणि गाइड आजही तेच नाव सांगतात. ती मरत नाही. ती बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची, बायको सुंदरी आहे. नवरा भिक्षू झाला हे कळल्यावर तिला मूर्च्छा आली आहे; जवळच नंदाचा मुकुट घेऊन उभा असलेला सेवक आहे. नाव बदलले की चित्र बदलते. मरणाचे चित्र सर्वांचे असते. हे टाकून दिलेल्या बायकोचे आहे, आणि तेही भिक्षूंच्याच विहाराच्या भिंतीवर, वाकाटक मंत्री वराहदेवाच्या पैशाने काढलेले. घर सोडणाऱ्यांच्या निवासात मागे राहिलेलीचे दुःख कोणी एवढ्या मनापासून का रंगवले, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. परदेशात वाढणाऱ्या मुलांना घर सोडणाऱ्यांविषयी आणि मागे राहणाऱ्यांविषयी पुष्कळ कळत असते.

'अस्सल ते अस्सल' म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी मोडीत काढत नाही. वाघूर नदीचे ते नालाकृती वळण, डोंगराच्या पोटात शिरल्यावर डोक्यावर जाणवणारे दगडाचे ओझे, छिन्नीच्या खुणा, हे सिमेंटला येणार नाही. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांचे २०१९ मध्ये निधन झाले. त्यांनी अर्ध्याहून अधिक आयुष्य अजिंठ्याच्या अभ्यासात घालवले आणि बहुतेक उत्तरकालीन लेणी हरिषेणाच्या राज्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वीसेक वर्षांतच झाली असा सिद्धांत मांडला. तो सर्वांना पटलेला नाही. पण त्याचा आधार दाराच्या बिजागरीची खोबण आणि अर्धवट सोडलेला खांब असल्या गोष्टींत आहे. त्या नकलेत कोणी उतरवल्या नसत्या. स्पिंक विद्यार्थ्यांना आणि हौशी लोकांना घेऊन लेण्यांतच वर्ग भरवत, ते याचसाठी. अस्सल लागतेच. पण ते ज्याची तयारी झाली आहे त्याला, थोड्या वेळासाठी.

केंद्रांच्या कारभाराची वाट पाहत बसण्याचे आपल्याला कारण नाही. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला. तो आता संगणकावर फुकट पाहता येतो. आगीतून वाचलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि त्यांची छायाचित्रेही घरबसल्या दिसतात. तिकिटे काढल्यावर आणि निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी सुंदरीचे पान छापून घ्यावे, त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवावा आणि मुलांना नुसती तिच्या मानेची आणि बोटांची रेघ गिरवायला सांगावी. नंदाची गोष्ट तेव्हाच सांगावी. मग अजिंठ्यात तीसच्या तीस लेणी उरकण्याचा हट्ट सोडून सोळाव्यात शिरावे. ती डाव्या भिंतीवर आहे.